त्साई बाईंचा गळका एसी

८ जून

फेईयिन आज सकाळच्या गाडीने तायतुंगला गेली. भांडण झालेलं नाही. आईला आणि दुकानाच्या मालकांना मी तसंच सांगितलं आहे आणि ते खरं आहे. तायतुंगला समुद्राकाठी तिच्या मावशीचं छोटं लॉज आहे. तिथे उन्हाळाभर माणूस हवा होता, ते काम तिने घेतलं. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, चंद्राच्या सणाला, ती परत येईल. तोवर मी फोन करायचा नाही.

फलाटावर ती म्हणाली, "हान, मला शिंक आली तरी तू माफी मागतोस. मला आता शिंकायची भीती वाटते."

मी म्हणालो, सॉरी.

ती हसली, मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "एखादा समुपदेशक शोध. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी."

गाडी सुटल्यावर तिथेच उभ्या उभ्या ठरवलं, की असा उत्तम समुपदेशक शोधायचा की फेईयिन एकदम खूश झाली पाहिजे. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं, की स्टेशनबाहेर कोहळ्याचं गार सरबत प्यायलो, मोठा पेला. वाटेत ही वही घेतली. तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली, पण माझं शुद्धलेखन बरं आहे. जे होईल ते नीट लिहून ठेवायचं. ती आली की तिला वाचायला देईन.

११ जून

मालकांना म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी लवकर सुटेन. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. शिए मालक तेव्हा माझी शिडी धरून उभे होते. म्हणाले, "बोलायला माणूस हवाय? अरे, दिवसाला पाच घरांचे एसी धुतोस, प्रत्येक घरची म्हातारी तुला सुनेच्या कागाळ्या सांगते. कधी तूही तिला सांग." मग शिडी जरा हलवून म्हणाले, "त्यापेक्षा परवान्याची परीक्षा दे. परवाना असला की मोठ्या इमारतींची कामं मिळतात. दोन वर्षं घसा कोरडा करतोय मी." मी नेहमीचं उत्तर दिलं, की वर्ग बुधवारी असतो आणि बुधवारी फेईयिनची सुट्टी असते.

"ती तायतुंगला आहे ना?"

मी फिल्टर काढायला घेतला.

संध्याकाळी फोनवर पुष्कळ वाचलं. माझ्या तक्रारीला नाव आहे, सहावलंबित्व. शब्द लांब आहे, दोनदा पडताळून लिहिला. दुसऱ्याचं मन कसं आहे यावर आपलं मन टांगून ठेवायचं, असा काहीसा अर्थ. लक्षणं वाचून मात्र गोंधळलो. दुसऱ्याला काय हवं ते त्याने सांगण्याआधी ओळखणं, स्वतःची गैरसोय न सांगणं. आमच्या धंद्यात याला चांगली सेवा म्हणतात.

१९ जून

पहिले समुपदेशक पाहून आलो. यिए सर, वय पस्तिशीचं, इस्त्रीचा शर्ट. खोलीत एसीचा आवाजसुद्धा येत नव्हता, नुकताच धुतलेला असणार. त्यांनी पाणी दिलं, शांतपणे ऐकलं, नेमके प्रश्न विचारले. एकदाही जांभई दिली नाही, घड्याळ पाहिलं नाही. मी विचारलं, तुम्हाला दिवसभर ऐकून थकवा येत नाही का? ते म्हणाले, "मी माझी काळजी घेतो. आपण तुमच्याबद्दल बोलू."

बाहेर पडल्यावर उगाच उदास वाटलं. माणूस चांगला आहे, पण त्यांच्याजवळ मला करण्यासारखं काही नाही.

२६ जून

आज मात्र सापडल्या. मी इतका आनंदात आहे की अक्षर तिरकं येतंय.

त्साई बाई. पन्नाशीच्या, केस अर्धे पांढरे, आवाज बसलेला. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि खोलीतला एसी गळतो. खाली प्लॅस्टिकची निळी बादली ठेवली आहे, तिच्यात टप्‌ टप्‌ पाणी पडतं. गारवाही अर्धाच. मी बसल्या जागेवरून पाहिलं. ड्रेन पाइपचा उतार उलटा गेलाय आणि ट्रेमध्ये शेवाळ असणार. दहा मिनिटांचं काम. बाई विचारत होत्या, इथे यावंसं का वाटलं, आणि मी फेईयिनबद्दल सांगत होतो, पण कान बादलीकडे. निघताना म्हणालो, बाई, हे मी आत्ता करून देतो, माझी पिशवी खाली स्कूटरवरच आहे.

त्या म्हणाल्या, "नको. पुढच्या वेळी या, एवढं पुरे."

किती भिडस्त. अशा माणसाकडे मन मोकळं करता येईल.

२९ जून

यिए सर की त्साई बाई? मन बाईंकडे ओढत होतं, पण माझ्या मनावर माझा भरवसा नाही. म्हणून सकाळी मात्सू देवीच्या देवळात कौल लावायला गेलो. उदबत्ती लावली, गुडघे टेकले, रीतीप्रमाणे नाव, पत्ता, जन्मतिथी सांगितली, त्साई बाईंकडे जाऊ का असं विचारलं आणि लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी खाली टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा एक चंद्रकोर घरंगळत दानपेटीखाली गेली, ती काढून पाहिली तर तीही उताणीच.

देवळाची राखण करणारे आजोबा झाडू टेकून बघत होते. म्हणाले, "प्रश्न सरळ विचारलास ना?" मी हो म्हटलं. "पत्ता कुठला सांगितलास?" मी तायतुंगच्या लॉजचा सांगितला. "तू तिथे राहतोस?" नाही. "तिथी?" मी तिसऱ्या महिन्याची नवमी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं. ती फेईयिनची तिथी.

आजोबा म्हणाले, "देवी बिचारी तायतुंगपर्यंत हेलपाटा घालून आली. तिथे एक पोरगी आणि इथे मिशीवाला बाप्या. हसेल नाही तर काय करेल?"

माझी तिथी मला आठवेना. फेईयिनची, तिच्या मावशीची, मालकांच्या नातवाची पाठ आहे. देवळाच्या पायरीवरून आईला फोन लावला.

"तिथी कशाला? लग्न ठरलं?"

नाही म्हटलं.

"मग पोरगी पळाली."

"पळाली नाही, गेली."

"गेली म्हणजे चालत पळाली." मग आईने तिथी सांगितली, अकराव्या महिन्याची द्वितीया, आणि म्हणाली की माझ्या जन्मावेळी फार थंडी होती. हे मला माहीत नव्हतं.

स्वतःची तिथी आणि स्वतःचा पत्ता सांगून कौल लावला. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही. यिए सरांबद्दल विचारायची वेळच आली नाही. घरी येताना स्कूटरवर गात होतो. सिग्नलला शेजारच्या काकू वळून बघायला लागल्या तेव्हा थांबलो.

१० जुलै

बाईंकडे जाताना घशाच्या गोळ्या आणि खडीसाखर घालून शिजवलेला नासपती नेला. त्यांनी डबा टेबलावर माझ्याच बाजूला ठेवला आणि विचारलं, "आज कसे आहात?"

मी सांगितलं की फेईयिन आज दमली असेल, शाळांना सुट्ट्या लागल्या म्हणजे लॉज भरलं असेल.

"तुम्ही कसे आहात?"

मी सांगितलं की तुमचा आवाज अजून बसलेलाच वाटतो.

बाई हसल्या. मला वाटतं, माझं बोलणं त्यांना आवडतं. मग म्हणाल्या, "जुंग-हान, माझा आवाज वीस वर्षं असाच आहे. आणि डबा परत न्या, तुम्ही खा." मी तो जिन्यात बसून खाल्ला. चांगला झाला होता. स्वतः केलेला नासपती मी पहिल्यांदाच खाल्ला.

प्रगती लिहून ठेवतो. फेईयिनला एकही फोन केलेला नाही. फक्त तिच्या मावशीला तायतुंगचा हवामानाचा अंदाज पाठवतो.

२३ जुलै

वादळाचा इशारा लागला. उद्या शाळा, कचेऱ्या बंद. मालकांनी दुपारीच सोडलं. मला त्साई बाईंचं आउटडोअर युनिट आठवलं. गल्लीच्या बाजूला गंजक्या ब्रॅकेटवर बसवलं आहे, खाली लोक चालतात. पट्टे आणि दोर घेऊन गेलो. जिन्याच्या खिडकीतून बाहेर पडलो. सुरक्षापट्टा लावला होता, मी बेशिस्त काम करत नाही. तीन गाठी झाल्या होत्या, इतक्यात खिडकीतून बाईंचा आवाज आला.

"आत या."

इतक्या हळू बोलल्या की मी चौथी गाठ न मारताच आत आलो. रेनकोटातून पाणी जिन्यावर ठिबकत होतं. आत्ता बादली माझ्याखाली हवी होती, असा विचार आला आणि हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"हे यंत्र माझं आहे," त्या म्हणाल्या. "ते पडलं तर त्याची काळजीही माझी. काल मी माणूस बोलावून नवं ब्रॅकेट ठोकून घेतलंय. तुम्ही मला विचारलं असतंत तर कळलं असतं."

मी पाहिलं. ब्रॅकेट खरंच नवं होतं. मला गंजकंच दिसलं होतं.

त्या म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या, आणि तेव्हा ठरवू की माझ्याकडे यायचं की मी तुम्हाला दुसरं कुणी सुचवायचं. माझ्याकडे यायचं असेल तर एसी गळू द्यावा लागेल.

रात्रीचं जेवलो नाही. वारा वाढलाय.

२४ जुलै

बाहेर सगळं उडतंय. माझी खिडकी टेपने चिकटवली आहे. आज काही करण्यासारखं नाही, कुणासाठीच. विचित्र दिवस. दुपारी वादळ ऐन भरात असताना वाटलं, बाई चिडल्या असल्या तरी मी तिथे उभं राहून ते सहन केलं आणि मेलो नाही. याचा मला एवढा आनंद का व्हावा कळत नाही, पण झाला. दोन वाट्या मासळीची पेज केली आणि दोन्ही खाल्ल्या.

३१ जुलै

मी म्हणालो, तुमच्याकडेच यायचं आहे. बाई म्हणाल्या, का? मी म्हणालो, तुम्ही मला आत बोलावलंत. त्यांनी मान हलवली.

मग पूर्ण तास एसी गळत राहिला आणि आम्ही त्याखाली बोललो. आधी प्रत्येक थेंबाला माझ्या मांडीचा स्नायू ताठ व्हायचा. बाईंनी विचारलं, असं कान लावून ऐकायला कुठे शिकलात? मी सांगितलं, घरी. वडील कामाला समुद्रापार गेले, तिकडेच राहिले. त्यानंतर आई कधी दिवसभर झोपून असायची, कधी भांडी आदळायची. सकाळी तिच्या सपातांच्या आवाजावरून मला कळायचं आज शाळेत जायचं की घरी थांबायचं. दुसऱ्या वर्षी घरी थांबायचे दिवस जास्त झाले, मग नाव काढून घेतलं.

"तेव्हा तुम्हाला काय हवं होतं?"

मी सांगितलं, तिने उठावं.

"ते तिचं झालं."

मी बादलीतले आठ थेंब मोजले. मग मी म्हणालो, वेल्डिंगचा तास. मंगळवारी असायचा. निळी काच लावून ठिणग्या बघायला मला फार आवडायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना कान गरम झाले.

१३ ऑगस्ट

बुधवार. परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. मालकांना सांगितल्यावर ते आत गेले आणि स्वतःचं वीज मोजायचं जुनं मीटर आणून माझ्या हातात ठेवलं. नंतर म्हणाले, "त्या बाईंना सांग, माझ्याकडे अजून दोन पोरं आहेत. घाऊक दर लावतात का विचार."

मावशीला हवामान पाठवणं बंद केलं. तिचा उलट निरोप आला, आज पाऊस आहे का? मी लिहिलं, खिडकीतून पाहा. पाठवल्यावर तासभर फोन पालथा घालून ठेवला. मग तिचा निरोप आला, हो, आहे.

२८ ऑगस्ट

आजची नोंद ठळक करायला हवी.

दुपारचं ऊन, चार मजले चढून गेलेलो, शर्ट पाठीला चिकटलेला. बाई फेईयिनबद्दल काही विचारत होत्या आणि मी उत्तर देत होतो, त्यांना बरं वाटेल असं. मध्येच माझ्या तोंडून निघालं, "बाई, मला उकडतंय."

त्या थांबल्या. "काय म्हणालात?"

"मला उकडतंय. इथे दर वेळी उकडतं. मी पहिल्या दिवसापासून घामाने भिजून जातो. तुम्ही एसीला माणूस बोलवा. मला नका बोलावू. दुसरा कुणी."

म्हटलं आणि वाट पाहिली, की आता त्या दुखावणार. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. फोन उचलला, कुठल्याशा दुकानात लावला आणि उद्या सकाळची वेळ ठरवली. मग मला म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. मलाही उकडायचं."

जिना उतरताना पायऱ्या दोन दोन करत उतरलो.

४ सप्टेंबर

एसी दुरुस्त झाला. पाइप वाकडा बसवलाय, वर्षभरात पुन्हा गळेल. मी काही बोललो नाही. गार मात्र छान वाटतं.

१७ सप्टेंबर

पौर्णिमा. मालकांच्या दुकानापुढे फूटपाथवर शेगडी मांडली होती, सगळी गल्ली मांस भाजत होती. मालकांचा नातू पपनसाची साल टोपीसारखी घालून फिरत होता. फेईयिन सातला आली. उन्हाने सावळी झाली आहे, केस कापले आहेत. मला काय करावं कळेना, म्हणून तिच्यासाठी पपनस सोलायला घेतलं. मग थांबलो आणि अर्धं तिच्या हातात दिलं. ती तिचं सोलू लागली, मी माझं.

शेगडीचा धूर आमच्याकडे वळला आणि ती शिंकली. मी पपनसाची पांढरी साल काढत राहिलो. ती माझ्याकडे बघत राहिली. अंधारात जिना उतरताना पाय टाकावा आणि शेवटची पायरी नसावी, तशी.

मग म्हणाली, "हान, मी तिथलं काम पुढेही करतेय. तूही तायतुंगला ये ना. कायमचा. मावशी माणूस शोधतेय. खाऱ्या वाऱ्याने लॉजचे सगळे एसी कुजलेत, एकही धड चालत नाही. आणि मला तिथे करमत नाही. कुणी विचारत नाही जेवलीस का. इथे असताना मला त्याचाच वैताग यायचा, आता तेच नसतं तर झोप येत नाही."

उन्हाळाभर मी हेच ऐकायची वाट पाहत होतो. सगळे एसी कुजलेत. माझा हात आपोआप खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला. मनात पहिल्या मजल्यापासून कामाला सुरुवातही झाली.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"कुणाला विचारून? आईला? त्या बाईंना?"

"मला."

मालक मध्येच आले, आमच्या ताटल्यांत सॉसेज टाकून म्हणाले, "दोघंही अशी बसलात की चंद्राला वाटेल त्याचंच काही चुकलं." तिला हसू आलं, मलाही. ही वही मी पिशवीत आणली होती, तिला द्यायला. दिली नाही.

२० सप्टेंबर

देवळात गेलो. आजोबा म्हणाले, "आज कुणाची तिथी आणलीस?" मी म्हणालो, माझीच.

नाव, पत्ता, अकराव्या महिन्याची द्वितीया. मग प्रश्न. तायतुंगला जाऊ का, असं ओठांवर आलं होतं. पण गुडघ्यावर बसल्या बसल्या लक्षात आलं, की उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सांगायचं धाडस नाही, म्हणून मी देवीला पुढे करतोय. गेल्या आठवड्यात बुधवारच्या वर्गात मास्तरांनी मला तांब्याचा पाइप जोडायला दिला. निळी काच, ज्योत. पहिल्याच प्रयत्नात सांधा एकसंध आला. मला इथे राहायचं आहे. परीक्षा होईपर्यंत तरी.

चंद्रकोरी परत तबकात ठेवल्या. देवीला एवढंच सांगितलं, की मी राहतोय. मागे रांग होती.

पायरीवरून फेईयिनला फोन केला. वाक्यं पुरी केली. म्हणालो, तू मला आवडतेस, पण मी येत नाही, माझे वर्ग आहेत. ती इतका वेळ गप्प होती, की मी तीन वेळा सॉरी म्हणायच्या बेतात आलो. एकदाही म्हणालो नाही.

मग ती म्हणाली, "मावशीच्या ओळखीतलं कुणी समुपदेशक आहे का विचारू का इकडे? माझ्यासाठी म्हणते."

"ते तू ठरव," मी म्हणालो. नावं सुचवली नाहीत. सुचत होती.

"बरं. पुढच्या महिन्यात दोन दिवस येते. तुला भेटायला. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस."

"मग येशील कशी?"

"चालत. मला पाय आहेत, हान."

फोन ठेवल्यावर देवळासमोर जोरात हसलो. आजोबांना वाटलं कौल चांगला पडला. तिच्या गाडीची वेळ मी बघितलेली नाही. वेळापत्रक पाठच आहे, पण ते बघणं नव्हे.